ट्रोलिंग मोटरला वीज पुरवताना: बॅटरी, वायर आणि परतीच्या वाटेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ फुटी फायबरची होडी, बसणारे दोघे, ५५ पौंड थ्रस्टची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी संथपणे चालवणारी विजेची छोटी मोटर. मोटारगाडीतून काढलेली ६५ अँपिअर-तासांची जुनी बॅटरी होती, तीच जोडलीत. बॅटरी पुढे नाळेत, मोटर मागच्या फळीवर, आणि मधे ५ मीटर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची वायर. पूर्ण वेगाने निघालात, ४० मिनिटांनी मोटर मंदावली आणि उरलेलं अंतर वल्हवत यावं लागलं. आता मोठी बॅटरी घ्यावी, दोन जोडाव्यात, लिथियम घ्यावी की मोटरच २४ व्होल्टची आणावी, असं विचारलं आहे.

मोटर बदलू नका. ती चांगली आहे आणि या होडीला पुरून उरेल. छोट्या होड्यांवर वीजजोडणी करता करता मला बरीच वर्षं झाली. असे वल्हवत परतलेले लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा मोटर निर्दोष निघते. चूक तिच्या मागे असते: बॅटरीत, वायरीत, सांध्यांत, आणि निघण्यापूर्वी न केलेल्या हिशेबात.

मोटर पुरेशी आहे हे कशावरून, तेही पाहू. थ्रस्ट म्हणजे पाण्यात ढकलण्याचा जोर. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो, म्हणून ५५ पौंड म्हणजे साधारण २५ किलोचा रेटा. शांत पाण्यात भरलेल्या होडीच्या वजनाच्या २ टक्के रेटा लागतो, असा ढोबळ नियम आहे. होडी ९० किलो, तुम्ही दोघे १५०, बॅटरी आणि सामान ६०, मिळून ३०० किलो धरू. त्याचे २ टक्के म्हणजे ६ किलो, सुमारे १३ पौंड. वारा आणि लाटांसाठी हा आकडा तिप्पट केला तरी ४० पौंडांत भागतं.

याहून दांडगी मोटर लावली तर वेग वाढेल, ही समजूत मात्र काढून टाका. अशी होडी पाण्यावरून घसरत जात नाही, पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती स्वतःच उभ्या केलेल्या लाटेत अडकते आणि वेगातली पुढची ताशी अर्ध्या किलोमीटरची प्रत्येक वाढ महाग पडते. ट्रोलिंग म्हणजे गळ मागे सोडून संथपणे ओढत नेणं, आणि ही मोटर त्याच कामासाठी जन्मली. १९३४ साली अमेरिकेतल्या फार्गो गावात ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर घेऊन त्याला दांडा आणि पंखा जोडला, तिथून या मोटरींची सुरुवात झाली. आजही त्यांचा पंखा संथ वेगाला साजेल असाच असतो. तुमच्या होडीला पूर्ण वेगात ताशी ५ ते ६ किलोमीटर मिळत असतील, आणि तेवढंच मिळायला हवं.

आता त्या ४० मिनिटांकडे वळू. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. ६५ भागिले ५० म्हणजे १.३ तास, मग सव्वा तासाच्या जागी ४० मिनिटंच का? बॅटरीवर छापलेले ६५ अँपिअर-तास सहसा २० तासांच्या संथ उपशासाठी असतात. म्हणजे सलग २० तास सव्वातीन अँपिअर घेतले तर ६५ मिळतील. गाडीत असते तशा लेड-ॲसिड बॅटरीतून जितक्या घाईने वीज उपसाल तितकी ती कमी देते. १८९७ साली पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हे सूत्रात मांडलं. साध्या लेड-ॲसिडसाठी त्याचा घातांक १.२५ धरून तुमचे आकडे घातले तर उत्तर ३९ मिनिटं येतं! तुमची बॅटरी बिघडलेली नव्हती. तिने होतं नव्हतं ते सगळं दिलं आणि ती पार रिकामी झाली.

असं पार रिकामं होणं गाडीच्या बॅटरीला मानवत नाही. इंजिन सुरू करताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. त्यासाठी तिच्या प्लेट पातळ असतात. अशा बॅटरीला वारंवार तळापर्यंत नेलं की प्लेटवरचा लेप सुटतो आणि थोड्याच फेऱ्यांत ती कामातून जाते. तुमची बॅटरी चार्ज करून गाडीच्याच कामाला ठेवा. होडीवर पुन्हा नेऊ नका.

नवी बॅटरी किती मोठी, हे ठरवण्याआधी वेगाचा हिशेब समजून घ्या. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वीज वाचवणारी गोष्ट हीच आहे, आणि तिला काही खर्च नाही. पाण्यात पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केलात तर शक्ती एक अष्टमांश लागते. वेळ दुप्पट लागला तरी तेवढ्याच विजेत अंतर चौपट होतं. तुमच्या होडीचा पूर्ण वेग ताशी ५.५ किलोमीटर धरू. तो ३.७ वर आणला तर शक्ती तीन दशांशावर येते, म्हणजे ५० अँपिअरच्या जागी १५ च्या आसपास. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतील, कारण कमी वेगात मोटरची कार्यक्षमताही थोडी घसरते. तरीही फरक इतका मोठा आहे की मी माझ्या होडीवर पूर्ण वेगाची खूण फक्त अडचणीसाठी राखून ठेवली आहे.

इथे एक गोष्ट तपासा. तुमच्या मोटरच्या दांड्यावर वेगाच्या ठरलेल्या खुणा आहेत, पुढे पाच आणि मागे तीन अशा, की गोल फिरवून हवा तो वेग घेता येतो? ठरलेल्या खुणांच्या स्वस्त मोटरीत वेग कमी करण्यासाठी रेझिस्टन्सची कॉइल असते. ती जास्तीची वीज उष्णता करून टाकून देते. सलग वेग बदलणाऱ्या मोटरीत पल्स विड्थ मॉड्युलेशनचा कंट्रोलर असतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुरवतो. वर सांगितलेली बचत या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ पूर्ण मिळते, पहिल्यात बरीच कमी. तुमची मोटर पहिल्या प्रकारची असली तरी टाकून देऊ नका, फक्त डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून प्रत्येक खुणेवर किती अँपिअर जातात ते मोजा आणि मोटरच्या डोक्यावर चिकटवून ठेवा. क्लॅम्प मीटर विकत घेताना तो डीसी मोजतो ना, हे पाहून घ्या. घरगुती वायरिंगसाठी मिळणारे बरेचसे फक्त एसी मोजतात.

आणि आता परतीची वाट. लोक बॅटरीचा हिशेब जातानाच्या प्रवासावर करतात आणि परतीला तेवढंच लागेल असं धरून चालतात. पाणी वाहतं असेल तर हे साफ चुकतं. प्रवाहाचा वेग ताशी २ किलोमीटर आणि तुमची होडी पाण्यात ताशी ५ ने जाते असं समजा. प्रवाहासोबत ३ किलोमीटर जायला २६ मिनिटं लागतील. तेच ३ किलोमीटर उलट यायला पूर्ण एक तास! तलावात प्रवाह नसला तरी वारा असतो. सकाळी पाठीवर घेऊन निघालेला वारा दुपारी तोंडावर येतो, आणि तोपर्यंत त्याचा जोरही बहुधा वाढलेला असतो. म्हणून माझा नियम असा: बॅटरीतल्या वापरण्याजोग्या विजेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि शेवटचा एक तृतीयांश न मोजलेल्या गोष्टींसाठी. शक्य असेल तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे परतीला तो मदत करील.

हे डोक्यात ठेवून बॅटरी निवडू. तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत, डीप सायकल लेड-ॲसिड किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट.

डीप सायकल बॅटरीच्या प्लेट जाड असतात आणि ती निम्म्यापर्यंत रिकामी होणं शेकडो वेळा सहन करते. होडीसाठी त्यातली बंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) किंवा जेल (ॲसिड घट्ट केलेली) घ्यावी, म्हणजे होडी कलली तरी ॲसिड सांडत नाही. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी चालेल का, असं बरेच जण विचारतात. तिच्या प्लेट खोल उपशाला योग्य आहेत, पण ती उंच, भयंकर जड आणि आत सुटं ॲसिड असलेली असते. छोट्या डुलणाऱ्या होडीत ती नकोच. १०० अँपिअर-तासांची एजीएम २५ ते ३० किलोची भरते. वरच्याच सूत्राने आणि त्याच घातांकाने पाहिलं तर पूर्ण वेगात ती सुमारे १ तास ७ मिनिटांत पार रिकामी होईल, आणि निम्म्यावर थांबायचं म्हटलं तर हातात अर्धा तास येतो. एजीएमचा घातांक साध्या बॅटरीपेक्षा थोडा बरा असतो, म्हणून चार-पाच मिनिटं जास्त धरा.

अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर वेळ दुप्पटीपेक्षा जास्त वाढतो. प्रत्येकीवर २५ अँपिअरच येतात, उपसा संथ होतो, आणि तेच सूत्र १ तास ७ मिनिटांऐवजी २ तास ४० मिनिटं दाखवतं. पण वजन ५० ते ६० किलो! तुमच्या होडीत हा तिसरा माणूस झाला. समांतर जोडायच्याच असतील तर दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. नव्या बॅटरीला जुनी जोडली की जुनी नवीला आपल्यासोबत खाली ओढते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ११ ते १३ किलोची असते. घाईने उपसली तरी तिची क्षमता फारशी घटत नाही आणि ८० ते ९० टक्के वीज बिनदिक्कत वापरता येते. ९० अँपिअर-तास धरले तर पूर्ण वेगात पावणेदोन तास आणि साधारण १० किलोमीटर, तर ३.७ च्या वेगात सहा तास आणि २० किलोमीटरच्या पुढे. खोल उपशाच्या हजारो फेऱ्या ती सहन करते. तुमच्या होडीचा आकार पाहता मी हीच सुचवीन, आणि तीही एकच. पैशाची अडचण असेल तर एक एजीएम घ्या आणि वेग आवरा. तसंही दिवस छान जातो. फक्त ‘लिथियम’ एवढा एकच शब्द वाचून बॅटरी घेऊ नका. मोबाइल आणि विजेवरच्या सायकलींत वापरल्या जाणाऱ्या इतर लिथियम रसायनांपेक्षा आयर्न फॉस्फेट उष्णतेला जास्त टिकून राहतं, आणि माणूस जिथून पळून जाऊ शकत नाही तिथे हा फरक मोलाचा आहे.

लिथियमच्या काही अटी आहेत. आत बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम (बॅटरीवर नजर ठेवून गरज पडली की ती बंद करणारं सर्किट) असते, तिची सलग करंट देण्याची मर्यादा पाहा. मोटर ५० अँपिअर ओढत असेल तर मर्यादा १०० ची हवी. पंख्यात शेवाळ अडकलं की करंट एकदम चढतो आणि काठोकाठ मर्यादेची बॅटरी नेमकी तेव्हाच बंद पडते. दुसरं, लेड-ॲसिड हळूहळू मंदावते आणि तुम्हाला कळतं. लिथियम शेवटपर्यंत जोरात चालते आणि मग दिवा विझावा तशी थांबते. तिचं व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपासच राहतं, त्यामुळे साधा व्होल्टमीटर पाहून किती उरली ते कळत नाही. निगेटिव्ह वायरीत शंट (करंट मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा. तिसरं, तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करायची नाही, आतल्या सेलचं कायमचं नुकसान होतं. शेवटचं मोटरबद्दल: लिथियम भाराखालीही जास्त व्होल्टेज टिकवते, त्यामुळे मोटर जास्त तापू शकते. काही मोटर-निर्माते लिथियमवर सतत पूर्ण वेगाने चालवू नका असं सांगतात. मोटरच्या पुस्तिकेत तशी सूचना आहे का पाहा.

लेड-ॲसिड घेतलीत तर व्होल्टमीटरवर भागेल, पण वाचन मोटर बंद करून आणि बॅटरीला काही तास विसावा देऊन घ्यायचं. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे तुम्ही तिचं आयुष्य खाता आहात. मोटर चालू असताना दिसणारा आकडा याहून बराच कमी असतो, त्याने घाबरू नका.

बॅटरीवर सगळे बोलतात, वायरीवर कोणी बोलत नाही. तुमच्या होडीत मात्र वायरीनेच मोठा घात केला आहे. बॅटरी ते मोटर ५ मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणून वाट १० मीटरची. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर वायरीचा एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.०२९ ओहम होतो. त्यातून ५० अँपिअर गेले की १.४ व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरी भाराखाली ११.५ देत असेल तर मोटरला जेमतेम १० मिळाले. ७० वॉट वायर तापवण्यात गेले, एवढ्यात मोठं सोल्डरिंग आयर्न तापतं. तुम्ही वायरीला हात लावून पाहिला असता तर गरम लागली असती.

त्याच अंतराला १६ चौरस मिलिमीटर घेतली तर अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त पडतं, आणि २५ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.३५ च्या आत. १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६, त्यामुळे मी तुमच्यासाठी २५ ची केबल सांगेन. तांबं कथलाचा मुलामा दिलेलं आणि बारीक तारांचं असावं. ओलाव्याने साधं तांबं आतून हिरवं पडत जातं, आणि घरातली जाड तारांची वायर होडीच्या हादऱ्यांनी तुटते. बॅटरी मोटरच्या जवळ आणली तर पातळ वायरीने भागेल, हे खरं. पण मोटर मागे, चालवणारा मागे, आणि बॅटरीही मागे गेली तर होडीची नाळ वर उचलली जाते, मागच्या फळीवरून पाणी आत यायला वाव मिळतो आणि वाऱ्यात होडी वळवताना कठीण जातं. एजीएमचे ३० किलो असतील तर ते पुढेच ठेवा आणि जाड केबलचा खर्च करा. लिथियमचे १२ किलो असतील तर मधल्या फळीखाली आणा, केबल निम्मी होईल आणि १६ ची पुरेल.

केबलच्या टोकांना तांब्याची थिंबल (टर्मिनलला जोडायच्या कडीच्या नळ्या) हवीत, आणि ती हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेली. पक्कड आणि हातोडी वापरून चेपलेलं थिंबल दिसायला घट्ट वाटतं, आत पोकळ राहतं. सांध्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सांध्याचा मला इतका ध्यास का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच होडीवर मोटरचा प्लग किंचित सैल झाला होता. नुसता हलवला की चालायचा, म्हणून मी तसाच वापरत राहिलो. एके दिवशी किनाऱ्यापासून दूर असताना जळका वास आला आणि प्लगचं प्लॅस्टिक माझ्या पायाशी वितळून ओघळलं. धातूच्या दोन टोकांतली ती सैल जागा ०.०२ ओहमची जरी असली तरी ५० अँपिअरला तिथे ५० वॉट उष्णता होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. सोबत माझा दहा वर्षांचा पुतण्या होता. त्या दिवसापासून दर फेरीपूर्वी मी प्रत्येक जोडावरून हात फिरवतो, आणि फेरीच्या मध्यावर पुन्हा एकदा. एखादा जोड शेजारच्या वायरीपेक्षा गरम लागला तर होडी किनाऱ्याला.

फ्यूज किंवा ब्रेकर बसवला आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर तो येईपर्यंत होडी बाहेर काढू नका. बॅटरीच्या दोन टोकांत थेट शॉर्ट झाला तर हजाराच्या घरात अँपिअर वाहू शकतात आणि वायर क्षणात लालबुंद होते. पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून जितका जवळ शक्य तितका जवळ ६० अँपिअरचा संरक्षक हवा. संरक्षक मोटरसाठी नसून वायरीसाठी असतो, त्यामुळे बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर संरक्षणाविनाच राहते, म्हणून जवळ. शक्यतो हाताने पुन्हा चालू करायचा, होडीसाठी बनवलेला डीसी ब्रेकर घ्या. घरातल्या बोर्डावरचा एसीचा ब्रेकर इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे संपर्क उघडला की ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये ती विझत नाही, तशीच ताणली जाऊन ब्रेकरच्या आत जळत राहू शकते. लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवर मी ब्रेकरशिवाय वेगळा फ्यूजही लावतो. तो किती मोठा शॉर्ट तोडू शकतो हा आकडा त्याच्यावर छापलेला असतो, आणि अशा बॅटरीसाठी तो काही हजार अँपिअरचा हवा.

जोडणीचा क्रमही पाळा. वेगाचा दांडा शून्यावर, मग प्लग. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे लागले तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर त्याच क्षणी जळू शकतो, म्हणून उलटा बसणारच नाही असा प्लग वापरा आणि टोकांना लाल-काळा रंग द्या. बॅटरी झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने होडीला आवळलेली, टर्मिनलवर रबरी टोप्या. गळाचा डबा उघडताना घसरलेला एक पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडायला वेळ लागत नाही.

२४ व्होल्टबद्दल विचारलंत, तर तुमच्या होडीला त्याची गरज नाही. त्याचा फायदा खरा आहे: तेवढ्याच शक्तीला करंट निम्मा, त्यामुळे त्याच वायरीत टक्केवारीने व्होल्टेज ड्रॉप एक चतुर्थांश. पण साधारण ५५ पौंडांपर्यंत १२ व्होल्ट, ८० पर्यंत २४ आणि त्यावर ३६ अशी मोटरींची विभागणी आहे, आणि तुम्ही पहिल्या गटात आहात. पुढे कधी मोठी होडी घेऊन २४ वर गेलात तर एकच आठवण ठेवा: मालिकेत जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून मासे शोधणारा सोनार किंवा दिवा चालवू नका. ती एक जास्त रिकामी होते आणि जोडी बिघडते. खरं तर १२ व्होल्टवरही सोनारला वेगळी ७ ते १० अँपिअर-तासांची छोटी बॅटरी द्या. मोटरच्या कंट्रोलरचा विद्युत गोंगाट सोनारच्या पडद्यावर रेघा बनून दिसतो.

सोलर पॅनेलवर मोटर थेट चालेल का, हाही प्रश्न पुढे येईलच. मोटरला पूर्ण वेगात ६०० वॉट लागतात. १०० वॉटचं पॅनेल कडक उन्हात ५ ते ६ अँपिअर देतं. चालवायला ते अपुरं आहे, पण आठवडाभर बांधून ठेवलेल्या होडीची बॅटरी भरायला उत्तम. मधे चार्ज कंट्रोलर मात्र हवाच.

चार्जिंगमध्ये एजीएमसाठी सांगायचं एकच: घरी आल्या आल्या, त्याच दिवशी. निम्मी रिकामी लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता परत येत नाही. चार्जर क्षमतेच्या १० ते २० टक्के अँपिअरचा, म्हणजे १०० ला १० ते २० चा, आणि बॅटरी भरत आली की आपोआप टप्पे बदलणारा असावा. खोलीला वारा लागू द्या, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. लिथियमला तिचाच चार्जर हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. जुन्या चार्जरमध्ये सल्फेट काढण्याचा जादा व्होल्टेजचा टप्पा असतो, तो तिला घातक आहे. महिनोन् महिने वापरायची नसेल तर लिथियम निम्मी भरून ठेवा आणि एजीएम पूर्ण भरून.

मोटरकडे मी मुद्दाम शेवटी येतो आहे, कारण तिला फार थोडं लागतं. पंखा पाण्याखाली पुरेसा खोल ठेवा. तो हवा ओढायला लागला की आवाज वाढतो आणि जोर जातो. दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून त्यामागे गुंडाळलेली गळाची दोरी सोडवा. ती बारीक दोरी तेलाच्या सीलला कापते आणि पाणी थेट मोटरमध्ये शिरतं. खाऱ्या पाण्यात वापरत असाल तर गोड्या पाण्याने धुवा आणि मोटरऐवजी गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा झिजला की बदला.

सगळं जोडून झालं की पहिली फेरी किनाऱ्यालगतच मारा, वल्ही आणि लाइफ जॅकेट सोबत. एकाने होडी चालवायची, दुसऱ्याने मोजायचं. प्रत्येक वेगाला तीन आकडे घ्या: क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर, मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग, आणि मोटरच्या टोकाशी मल्टिमीटरवरचं व्होल्टेज. तेच व्होल्टेज बॅटरीच्या टर्मिनलवरही घ्या. दोन्हींतला फरक पूर्ण वेगात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर एखादा सांधा अजून चुकला आहे. मग प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटरची टोकं लावत पुढे सरका, दोषी जोड स्वतःच आकडा दाखवील. वेग मोजताना एकदा वाऱ्यासोबत आणि एकदा वाऱ्याविरुद्ध असं दोन्हीकडून मोजा. ते आकडे मला कळवा, मग तुमच्या पाण्यावर किती दूर जाता येईल ते आपण नेमकं काढू.